पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण रस्त्यांवर जुनी बार्न आणि रानपक्षी कसे पाहावेत : नवागतांसाठी मार्गदर्शन

न्यू जर्सीत किंवा फिलाडेल्फियाच्या आसपास नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे पहिले वर्ष न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगरा पाहण्यात सरते. त्यानंतर भारतातून आलेल्या आईवडिलांना सुट्टीच्या दिवशी कुठे न्यावे, हा प्रश्न उरतो. त्याचे एक फार चांगले उत्तर एडिसनपासून साधारण दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. आग्नेय पेनसिल्व्हेनियातील बर्क्स, लीहाय, लेबनन आणि लँकेस्टर या काउंटींमधून जाणारे आडरस्ते, त्यांच्या कडेला उभी असलेली दीडशे-दोनशे वर्षांची बार्न आणि त्या शेतांवर वावरणारे पक्षी हे ते उत्तर होय.

बार्न म्हणजे गोठा, खळे आणि गवताचा माळा हे तिन्ही एकाच छपराखाली घेणारी शेतावरची मोठी इमारत. बहुतेक लोक धावत्या गाडीतून तिचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. इमारत आणि पक्षी एकत्र पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. बार्नची कोणती बाजू उघडी आहे, उतरण कुठे आहे, फटी आणि झरोके कुठे आहेत हे समजले की कोणता पक्षी कुठे शोधायचा ते बरेचसे उलगडते. पुढील पायऱ्या त्याच हेतूने लिहिल्या आहेत.

१. ऋतू आधी ठरवा, रस्ता नंतर

फेब्रुवारीची अखेर आणि मार्चची सुरुवात हा हिमहंसांचा म्हणजे स्नो गूजचा काळ आहे. दक्षिणेत हिवाळा काढून उत्तर ध्रुवाकडे परत निघालेले हे पांढरे पक्षी लेबनन आणि लँकेस्टर काउंटींच्या सीमेवरील मिडल क्रीक या सरकारी वन्यजीव क्षेत्रात उतरतात. चांगल्या वर्षी एकाच वेळी तिथल्या तलावावर त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंतचा काळ भिंगऱ्यांचा आणि गवताळ शेतांतल्या पक्ष्यांचा असतो. सप्टेंबरच्या मध्यावर शिकारी पक्ष्यांचे स्थलांतर ऐन भरात येते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात झाडांची पाने गळलेली असल्यामुळे उन्हाळ्यात झाडीआड दडलेली बार्न रस्त्यावरून स्वच्छ दिसू लागतात. इमारती पाहण्यासाठी हाच काळ सर्वांत उत्तम आहे, जरी थंडीमुळे त्या दिवसांत कोणी फारसे बाहेर पडत नाही.

पानगळीच्या रंगांसाठी ऑक्टोबरच्या मध्यावर गर्दी उसळते. लँकेस्टरजवळच्या मार्ग ३० आणि ३४० वर तर त्या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात. शक्य असल्यास ते शनिवार-रविवार टाळावेत.

२. कागदपत्रे आणि साहित्य

गाडीत चालकाचा वैध परवाना, गाडीच्या नोंदणीचे पत्र आणि विम्याचे कार्ड ही तीन कागदपत्रे हवीत. भारतातून आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी गाडी चालवणार असेल, तर पेनसिल्व्हेनियात परदेशी परवाना देशात प्रवेश केल्यापासून एक वर्षापर्यंत किंवा त्या परवान्याची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना असावा अशी शिफारस राज्य करते. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून घर ज्या राज्यात आहे तिथलेही नियम पाहून घ्यावेत. गाडी भाड्याची असल्यास करारावर त्या चालकाचे नाव आहे याची खात्री करावी. पाहुण्यांनी पारपत्राची आणि आय-९४ या अमेरिका-प्रवेशाच्या नोंदीची प्रत जवळ ठेवावी.

साहित्यात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दुर्बीण. ८×४२ या मापाची दुर्बीण नवशिक्यांना सोयीची ठरते, कारण तिच्यातून दिसणारा परिसर रुंद असतो आणि हाताची थरथर कमी जाणवते. घरात १२ किंवा १६ पटींची दुर्बीण पडून असेल, तर ती या कामासाठी नेऊ नये. चालत्या इंजिनाच्या कंपनामुळे आणि हाताच्या हालचालीमुळे तिच्यातून पक्षी सापडतच नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे मर्लिन हे पक्षी ओळखणारे विनामूल्य अॅप भ्रमणध्वनीवर घ्यावे आणि ईशान्य अमेरिकेचा संच घरूनच उतरवून ठेवावा. नकाशाही आधीच साठवावा, कारण टेकड्यांमधल्या खोलगट भागांत संपर्क वारंवार तुटतो. याशिवाय पाणी, घरचा डबा, सुटे डॉलर आणि चिखलात चालतील असे बूट सोबत घ्यावेत. सुटे पैसे अशासाठी की आमिश (मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्यांच्या रस्त्याकाठच्या भाजी-फळांच्या टपऱ्यांवर बहुधा रोखच चालते, आणि काही ठिकाणी तर विक्रेता नसतोच, नुसती पैसे टाकायची पेटी असते. रविवारी या टपऱ्या बंद असतात.

३. दोन रस्ते, ज्यांनी सुरुवात करावी

पहिला रस्ता बर्क्स काउंटीतला आहे. आंतरराज्य महामार्ग ७८ वरून पश्चिमेकडे येऊन ३५ क्रमांकाच्या निर्गमनावर (एक्झिटवर) लेनहार्ट्सव्हिल येथे उतरावे. तिथून जुना मार्ग २२ पकडला तर शार्टल्सव्हिलच्या दिशेने रंगीत तारे रंगवलेल्या बार्नचा पट्टा लागतो. मार्ग १४३ ने उत्तरेला वळले तर मेडन क्रीकच्या काठाकाठाने केम्प्टनला पोहोचता येते. केम्प्टनपासून शिकारी पक्ष्यांचे हॉक माउंटन अभयारण्य जवळच आहे. लेनहार्ट्सव्हिलच्या दक्षिणेला १८६९ मध्ये बांधलेला ड्रायबेलबिस स्टेशन हा छप्पर असलेला लाकडी पूलही याच परिसरात आहे, आणि त्यावरून आजही गाडी जाते.

दुसरा रस्ता लँकेस्टर आणि लेबननमधला. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलच्या महामार्गावरून डेन्व्हरजवळ २८६ क्रमांकाच्या निर्गमनावर उतरावे आणि मार्ग ८९७ ने क्लाइनफेल्टर्सव्हिलकडे जावे. वाटेत दगडी बार्न, मक्याच्या कणसांची हवेशीर कोठारे आणि चारा साठवण्याच्या सायलोंचे उंच मनोरे लागतात, आणि रस्ता तुम्हाला मिडल क्रीकपाशी नेतो.

एका दिवसात एकच रस्ता घ्यावा. दोन्ही जोडण्याच्या नादात दिवसभर गाडी चालवणेच होते आणि थांबून पाहणे राहून जाते.

४. बार्न वाचायला शिका

या भागातील बार्नची खास ओळख म्हणजे ती उतारावर बांधलेली असतात. मागच्या बाजूने जमिनीचा चढ थेट वरच्या मजल्याला भिडवलेला असतो, त्यामुळे गवताने भरलेली गाडी थेट मळणीच्या खळ्यावर नेता येत असे. खालच्या मजल्यावर गुरे आणि घोडे बांधलेले असत आणि त्यांची दारे पुढच्या अंगणात उघडत. वर साठवलेले गवत खालच्या गव्हाणीत सोडायचे, म्हणजे वाहतुकीचा त्रासच नाही, अशी ही रचना आहे.

समोरच्या बाजूला वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे काही फूट आलेला दिसतो. या पुढे आलेल्या भागाला तिथे फोरबे म्हणतात. पेनसिल्व्हेनियन बार्न ओळखण्याची हीच मुख्य खूण आहे, आणि अभ्यासकांनी तिचे मूळ स्वित्झर्लंडच्या प्रेटिगाऊ खोऱ्यात दाखवले आहे. जर्मन भाषक स्थलांतरितांबरोबर ती इथे आली. फोरबे बहुधा दक्षिणेला किंवा आग्नेयेला तोंड करून असते, म्हणजे हिवाळ्यात अंगणात ऊन येते आणि उत्तरेचा वारा पाठीवर राहतो. याचा प्रवाशाला थेट उपयोग असा, की सकाळी दहाच्या सुमाराला बार्नच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या रस्त्यावर असाल तर समोरची बाजू उजेडात दिसेल. उत्तरेच्या रस्त्यावरून फक्त चढ आणि पाठ दिसते.

वयाचा अंदाज घ्यायचा असेल तर गाडी बाजूच्या त्रिकोणी भिंतीसमोर येईपर्यंत थांबा. दगडी भिंतीचा त्रिकोण स्वतः पूर्ण असून छपराचा पुढचा उतार त्याच्याही पुढे लाकडी फोरबेवर लांब गेला असेल, म्हणजे एकूण आकृती एका बाजूला कललेली दिसत असेल, तर तो जुना स्वाइट्झर प्रकार आहे. असे बार्न अठराव्या शतकातले किंवा एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातले असू शकते. आढ्याच्या दोन्ही बाजूंचे उतार सारखे असून भिंत फोरबेच्या टोकापर्यंत आलेली असेल, तर तो नंतर रूढ झालेला सर्वसाधारण प्रकार, जो साधारण १७९० पासून शंभर वर्षे बांधला जात होता. मधे मोडलेले, दोन टप्प्यांत उतरणारे छप्पर दिसले तर इमारत किंवा निदान तिचे छप्पर बहुधा त्याहूनही अलीकडचे असते. काही त्रिकोणी भिंतींवर वर्ष आणि मालकाची आद्याक्षरे कोरलेला दगड असतो. तो दुर्बिणीतून वाचता येतो.

आता त्या भिंतीतल्या फटींकडे पाहा. दगडी भिंतींमध्ये बाहेरून अरुंद आणि आतून रुंद होत जाणाऱ्या उभ्या फटी ठेवलेल्या असतात. किल्ल्यातल्या जंग्यांसारख्या दिसत असल्या तरी त्यांचा लढाईशी काही संबंध नाही. ओले गवत दाबून भरले की ते आतून तापते आणि पेटूही शकते, म्हणून हवा खेळती ठेवण्यासाठी त्या असतात. विटांच्या बार्नमध्ये हेच काम विटा गाळून केलेल्या जाळ्या करतात, आणि कारागिरांनी त्यांतून हिऱ्यांचे, कणसांचे आणि पेल्यांचे आकार साधले आहेत. अशी विटांची बार्न सस्क्वेहाना नदीच्या दोन्ही अंगांना, विशेषतः लँकेस्टर, यॉर्क आणि अॅडम्स काउंटींत आढळतात.

लँकेस्टरमध्ये आणखी एक वेगळी इमारत दिसेल. तिच्या भिंतींतील उभ्या फळ्या एकाआड एक उघड्या असतात. ते तंबाखू वाळवण्याचे बार्न असते. बिजागरीवर बसवलेल्या त्या फळ्या उघडून पाने हळूहळू सुकवत. मक्याचे कोठार मात्र ओळखायला सोपे आहे. अरुंद, फटीफटींच्या भिंतींचे आणि वरच्या अंगाला रुंद होत गेलेले.

रंगवलेल्या ताऱ्यांविषयी जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण गैरसमज सर्वांत जास्त त्यांच्याबद्दल आहेत. वर्तुळात काढलेले हे भूमितीय तारे बर्क्स, लीहाय आणि आसपासच्या भागांतील लूथरन व रिफॉर्म्ड पंथांच्या जर्मन शेतकऱ्यांची परंपरा आहे. आमिश लोक आपल्या बार्नवर ते काढत नाहीत. लँकेस्टरच्या दुकानांत त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चकत्या पाहून हा समज पसरतो. जुन्या पद्धतीत तारा थेट भिंतीच्या फळ्यांवर रंगवलेला असतो. स्क्रूने ठोकलेली गोल चकती दिसली, तर ती विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झालेल्या विक्रीच्या काळातली समजावी. हे तारे संरक्षणासाठी की निव्वळ शोभेसाठी, याबद्दल स्थानिकांतही मतभेद आहेत. शोभेसाठी हे मत मला अधिक पटते.

एक गोष्ट अवश्य जवळून पाहावी. रंग पार उडून गेलेल्या फळीवरही, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ताऱ्याच्या पाकळ्या उठून दिसतात. जिथे रंगाचा थर होता तिथले लाकूड पाऊस-उन्हापासून वाचले आणि भोवतालचे झिजले, त्यामुळे पाकळी किंचित उंच राहते. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात हीच फळी कोरी वाटते.

५. बार्नच्या कोणत्या भागात कोणता पक्षी

आढ्यावर आणि हवा खेळती राहावी म्हणून छपरावर बांधलेल्या लहान मनोऱ्यावर आपले ओळखीचे पारवे असतात. त्यांच्यातच एखादा लहान, ताठ बसलेला, शेपटी खालीवर हलवणारा पक्षी दिसला तर दुर्बीण लगेच लावा. तो अमेरिकन केस्ट्रेल असण्याची शक्यता आहे. हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत लहान ससाणा. नराचे पंख निळसर राखाडी, पाठ तांबूस, आणि गालावर दोन काळ्या उभ्या रेघा. तो विजेच्या तारांवरही बसतो. त्यांची संख्या घटत असल्यामुळे हॉक माउंटनच्या संशोधकांनी परिसरातील शेतांवर आणि बार्नवर घरट्यांच्या लाकडी पेट्या लावल्या आहेत. त्या पेट्या दिसल्या की थोडा वेळ तिथे थांबणे फायद्याचे ठरते.

फोरबेच्या खालची सावलीची जागा भिंगऱ्यांची आणि फीबीची. दुभंगलेल्या लांब शेपटीची, तांबूस गळ्याची भिंगरी खालच्या दारातून आत-बाहेर सतत ये-जा करते आणि आतल्या तुळईला चिखलाच्या गोळ्यांची वाटी लिंपते. हीच माळभिंगरी हिवाळ्यात महाराष्ट्रातील तारांवर रांगेने बसलेली आपण पाहतो. महाराष्ट्रात येणारे थवे आशियातले असतात, पेनसिल्व्हेनियातले दक्षिण अमेरिकेकडे जातात, पण जात एकच आहे. पाहुण्या आईवडिलांना हा पक्षी सर्वांत आधी दाखवावा. फीबी हा करड्या रंगाचा, शेपटी वरखाली करत बसणारा लहान माशीमार पक्षी. त्याच्या घरट्यात चिखलाबरोबर हिरवे शेवाळ असते आणि ते बहुधा तुळई किंवा पुलाच्या खालच्या कंगोऱ्यावर असते.

ज्या बार्नची दारे-खिडक्या कायमची बंद करून पत्रा ठोकला आहे, तिथे भिंगऱ्या नसतात. म्हणून दुरून नवाकोरा दिसणाऱ्या पत्र्याच्या शेडसमोर वेळ घालवू नका. जिथे जनावरे अजून आहेत, म्हणजे माश्या आहेत, आणि एखादे तरी झडप उघडे आहे, तेच बार्न निवडा.

त्रिकोणी भिंतीच्या माथ्याशी काही जुन्या बार्नमध्ये लहान झरोका ठेवलेला असतो. घुबडाने आत यावे आणि उंदीर मारावेत म्हणून शेतकऱ्यांनीच ती सोय केलेली असे. गव्हाणी घुबडाचा पांढरा, हृदयाच्या आकाराचा चेहरा आपल्याला भारतातूनही ठाऊक आहे. पेनसिल्व्हेनियात मात्र गवताळ कुरणे कमी होत गेल्यामुळे ते दुर्मीळ झाले आहे. दिवसा ते दिसणार नाही, आणि ते दिसावे म्हणून कोणत्याही बार्नमध्ये शिरू नये.

पडक्या, सोडून दिलेल्या बार्नवर गिधाडे बसतात. लाल डोक्याचे टर्की गिधाड उडताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरते आणि डुलत जाते. काळे गिधाड पंख सपाट ठेवते, मधूनमधून भराभर फडफडवते आणि त्याच्या पंखांच्या टोकांशी पांढरे ठिपके दिसतात. भारतात गिधाडे जवळजवळ नाहीशी झालेली पाहिलेल्या आपल्या पिढीला इथल्या आभाळात ती रोज दिसणे ही फार मोलाची गोष्ट आहे.

आमिश शेतांच्या अंगणात उंच खांबावर पांढऱ्या भोपळ्यांची माळ किंवा अनेक खणांचे पांढरे घर टांगलेले दिसेल. ते पर्पल मार्टिन या मोठ्या जांभळ्या-काळ्या भिंगरीसाठी असते. पूर्व अमेरिकेत हा पक्षी जवळजवळ पूर्णपणे माणसांनी दिलेल्या घरांवर अवलंबून आहे, आणि आमिश कुटुंबे ही घरे फार निगुतीने राखतात.

६. शेत, कुंपण आणि खांब वाचा

रस्त्याकडेच्या खांबावर बसलेला मोठा, छातीला फिकट आणि पोटावर गडद पट्टा असलेला शिकारी पक्षी बहुधा रेड-टेल्ड हॉक असतो. हिवाळ्यात त्याच्याशिवाय ड्राइव्ह होतच नाही. कुंपणाच्या खांबांवरील लहान पेट्यांपाशी निळ्या पाठीचा आणि तांबूस छातीचा ब्लूबर्ड शोधावा. ओढ्याकाठच्या पाणकणसांवर खांद्यावर लाल पट्टा असलेला काळा पक्षी ओरडत असतो, तो रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. खडीच्या वाटेवर टिटवीच्या कुळातला किलडिअर पंख मोडल्याचे सोंग करत लंगडत पळाला, तर समजावे की अंडी तुमच्या पायांजवळच आहेत. अशा वेळी आल्या पावली मागे फिरावे.

बर्फ पडल्यानंतर शेतावर नुकतेच शेणखत पसरलेले दिसले तर गाडी हळू करा. उघड्या झालेल्या त्या काळ्या पट्ट्यांवर शिंगी चंडोलांचे थवे दाणे टिपायला उतरतात. सुरुवातीला ढेकळे हलल्यासारखी वाटतात, आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर पिवळा गळा आणि काळी पट्टी दिसते.

७. गाडी कशी चालवावी आणि कुठे थांबवावी

गाडी हाच उत्तम आडोसा आहे. पक्षी थांबलेल्या गाडीला फारसे घाबरत नाहीत, दार उघडून माणूस बाहेर पडला की उडतात. म्हणून काच खाली करून आतूनच पाहावे. मागे कोणी नाही म्हणून रस्त्यातच थांबण्याचा मोह मात्र टाळा. हे रस्ते अरुंद आहेत, कडेला जागा नसते, आणि चढाच्या पलीकडून येणारा दुधाचा टँकर तुम्हाला शेवटच्या क्षणीच दिसतो. चढाचा माथा, वळण, पूल आणि शेतात जाणारी खासगी वाट या चारही जागा वर्ज्य समजाव्यात. चर्च, उद्याने, सरकारी शिकार क्षेत्रांचे वाहनतळ आणि दुकाने इथे विचारून किंवा फलक वाचून थांबावे. चालक आणि पक्षी शोधणारा हे वेगवेगळे असावेत, हा नियम घरात आधीच ठरवून टाकावा.

आमिश लोकांच्या घोडागाड्यांमागे नारिंगी त्रिकोण असतो. मागे अंतर ठेवावे, भोंगा वाजवू नये, प्रखर दिवे टाकू नयेत आणि समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसल्यावरच रुंद वळसा घेऊन पुढे जावे. घोडा दचकला तर गाडीतील कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते. आमिश व्यक्तींची ओळखू येतील अशी छायाचित्रे काढू नयेत, कारण त्यांच्या श्रद्धेला ते रुचत नाही. इमारतींची आणि शेतांची रस्त्यावरून काढलेली छायाचित्रे पुरेशी आहेत. शाळेची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत थांबली असेल, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबणे बंधनकारक आहे.

८. नवागत ज्यांत हमखास अडकतात अशा गोष्टी

झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती शोभा नव्हे. २०२० पासून पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागांत असे पट्टे ‘प्रवेश बंद’ या फलकाइतकेच कायदेशीर आहेत. फलक शोधत बसू नका. पट्टे दिसताच थांबा. पडके बार्नही कोणाच्या तरी मालकीचे असते आणि त्याच्या कुजलेल्या फळ्यांखाली दहा-बारा फूट खोल गोठा असू शकतो. बार्न आतून पाहायचे असेल, तर लँकेस्टरजवळचे लँडिस व्हॅली हे राज्याचे ग्रामसंग्रहालय आहे.

मुलांना पिसे गोळा करू देऊ नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार जवळजवळ सर्व देशी रानपक्ष्यांची पिसे, अंडी आणि घरटी बाळगणे गुन्हा आहे, मग ती जमिनीवर पडलेली का असेनात. पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि तिथेच ठेवावे. मेलेल्या हंसाला किंवा बदकाला तर हातही लावू नये, कारण अलीकडच्या वर्षांत पाणपक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आढळली आहे.

शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, आणि हरणांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्या काळात सरकारी शिकार क्षेत्रांत पायी जाणार असाल तर भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालावी. एप्रिल ते नोव्हेंबर गवतात पाय टाकलात तर घरी परतल्यावर गोचीड तपासावी. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण या राज्यात मोठ्या संख्येने आढळतात. मोजे पँटवर ओढून घेणे आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी पाहणे एवढे तरी करावे.

९. मिडल क्रीक आणि हॉक माउंटन : दिवसाची आखणी

मिडल क्रीकला पोहोचायचे असेल तर सूर्योदयापूर्वी पोहोचा. हंस रात्र तलावावर काढतात आणि उजाडल्यावर आसपासच्या शेतांत दाणे खायला निघतात. विलो पॉइंटची सपाट पायवाट वडीलधाऱ्यांनाही जमते. सर्व थवा एकदम उठण्याचा क्षण बहुतेक वेळा गरुड वरून गेल्यामुळे येतो, म्हणून गरुडावर नजर ठेवा. सकाळी उशीर झाला तर संध्याकाळी परतणारे थवे पाहता येतात. अंतर्गत वाहनमार्ग हिवाळ्यात बंद असतो, म्हणून भेट केंद्राच्या वेळा आणि रस्त्याची स्थिती आदल्या दिवशी राज्याच्या गेम कमिशनच्या (वन्यजीव आणि शिकार पाहणारे खाते) संकेतस्थळावर पाहून घ्यावी. गोठलेल्या तलावावर हंस नसतात. थंडीची लाट सरून पाणी मोकळे झाल्यावर जावे.

हॉक माउंटनवर एकेकाळी शिकारी लोक दर शरद ऋतूत ससाणे आणि गरुड शेकड्यांनी मारत. रोझली एज यांनी १९३४ मध्ये तो डोंगर भाड्याने घेऊन तिथे पहारेकरी नेमला, आणि शिकारी पक्ष्यांसाठीचे जगातले पहिले अभयारण्य उभे राहिले. पायवाटेसाठी शुल्क आहे. साउथ लुकआउट प्रवेशद्वारापासून जवळ आणि सोपा आहे. नॉर्थ लुकआउटची वाट साधारण मैलभराची आणि दगडधोंड्यांची आहे, ती गुडघेदुखी असलेल्यांनी घेऊ नये. सप्टेंबरच्या मध्यावर ब्रॉड-विंग्ड हॉक मोठ्या संख्येने एकाच उष्ण हवेच्या झोतावर गिरक्या घेत वर चढतात. नोव्हेंबरमध्ये गोल्डन ईगल येतात. थंड हवेची आघाडी सरकून वायव्येचा वारा सुटला की दुसरा दिवस उत्तम. वारा दक्षिणेचा असेल, तर त्या दिवशी खालच्या रस्त्यांवरची बार्न पाहावीत.

१०. परतल्यावर नोंद ठेवा

वहीत तारीख, रस्त्याचा क्रमांक, जवळचे गाव, बार्नचा प्रकार आणि पक्षी एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी तोच रस्ता दुसऱ्या ऋतूत घेताना ही वही फार कामी येते, कारण जी भिंत जुलैमध्ये द्राक्षवेलींनी झाकलेली होती तिच्यावरचा वर्षाचा दगड जानेवारीत वाचता येतो. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यास त्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

गव्हाणी घुबडाची खूण सापडली, म्हणजे बार्नच्या मालकाने स्वतःहून आत बोलावले आणि तुळईखाली उंदरांच्या हाडांच्या करड्या-काळ्या गुठळ्या पडलेल्या दिसल्या, तर ती जागा समाजमाध्यमांवर जाहीर करू नका आणि ई-बर्डवरही नेमके ठिकाण देऊ नका. मालकाची संमती घेऊन पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनला कळवा. या घुबडांच्या घरट्यांची पाहणी आणि पेट्या बसवण्याचे काम त्यांचेच जीवशास्त्रज्ञ करतात.